तापल्यावर विझणारी ठिणगी

"तार तुटली होती."

"नव्हती तुटली."

"बाबा, मी भांडी घासत होते, कान बंद करून बसले नव्हते. तुमचं गुणगुणणं मध्येच थांबलं."

"शिंक आली. आता शिंकायलाही तुझी परवानगी काढू?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला मामाच्या होडीचं छोटं इंजिन आवळून बसवलं होतं. त्यावर बाबांनी हाताने गुंडाळलेली, ठिणगी पाडणारी तारेची कॉइल वार्निशने चकाकत होती. मामा चपला न काढता दारातच उभा. पलीकडच्या काठाला जाणारी माणसं धक्क्यावर ताटकळली होती, आणि आज पाण्याला ओढ भलतीच होती.

बाबांनी इंजिनाची दोरी ओढली. प्लगच्या टोकाशी चट्कन निळी ठिणगी उडाली.

"दिसली? की डोळेही भांड्यांत बुडवलेस?"

"थंड आहे म्हणून दिसली."

सगळा बाजार बाबांना 'तारवाले' म्हणायचा. तार गुंडाळायला जुन्या शिवणयंत्राचं चाक डाव्या हाताने फिरवायचं, केसाहून बारीक तार उजव्या चिमटीतून सोडायची, आणि तीही डोळे मिटून. तार जरा ताणली की चिमूट आपसूक सैल व्हायची. एक थर झाला की कागद, त्यावर पुढचा थर, आणि हात चालू तोवर गुणगुणणं चालू. लेकीला शिकवताना त्यांनी एकच गोष्ट दटावून सांगितली होती: तार तुटली तर नुसता पीळ देऊन पुढे जायचं नाही. टोकं खरवडायची, वितळलेल्या कथलाचा डाग द्यायचा. नुसता पीळ थंडपणी टिकतो, तापला की दगा देतो.

पण हल्ली बाबांची बोटं बधिर झाली होती. हातातून कप निसटला की म्हणायचे, "हे कपच मेले गुळगुळीत!"

लेकीने स्क्रू काढले आणि कॉइल शेगडीवर तापलेल्या तव्यातल्या वाळूत ठेवली.

"वार्निश जाळशील!"

"इंजिनात तापते तेवढीच तापवतेय."

"अगं बाई, धक्क्यावर लोक माझ्या नावाने खडे फोडतायत," मामा म्हणाला.

"भर पाण्यात इंजिन बंद पडलं तर फोडायला खडेही मिळणार नाहीत, मामा."

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. वार्निशचा उग्र वास घरभर पसरला. तिने फडक्यात धरून कॉइल परत बसवली, स्क्रू आवळले.

"ओढा, बाबा."

ते हलले नाहीत. मग मामानेच दोरी ओढली. ठिणगी पडली, पण पिवळी, मरतुकडी. त्याने पुन्हा ओढली. काहीच नाही. पुन्हा ओढली. नुसता दोरीचा घर्रकन आवाज.

मामाने प्लगकडे पाहिलं, मग बाबांकडे. चपला काढल्या आणि खुर्चीत बसला.

"दाजी," तो हळू म्हणाला, "होडीत पोरंबाळं असतात हो."

लेकीचा आवाजही उतरला. तिने शिवणयंत्र पुढे ओढलं.

"बाबा, कुणी काही म्हणत नाहीये. जोड कितव्या थरात आहे तेवढं सांगा. तिथपर्यंतच उलगडते, डाग देते आणि वरचं मी गुंडाळते. नाहीतर सगळीच उसवावी लागेल, आणि मामाचा आजचा दिवस बुडेल. वरच्या थरांत आहे ना? की आत?"

बाबांनी अंगठा बोटांच्या बधिर टोकांवरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि थर न सांगताच मामाच्या चपला ओलांडून बाहेर निघून गेले.