बाबलचं तेल बरोबर होतं

बाबल गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका होडीचा पंखा काढत होतो. तो सकाळी अंगणात जाळं विणता विणता गेला, असं त्याचा मुलगा समीर म्हणाला. मी पंखा पूर्ण काढला, नट डबीत ठेवले, हात धुतले आणि मगच निघालो... वीस वर्षं जे आत दाबून ठेवलं, ते तेवढ्या वेळात वर आलं.

मालवणात मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. बाबलने पहिलं इंजिन घेतलं, तेव्हा पंखा मी निवडला. पंख्याची पाती जास्त तिरकी, म्हणजे पिच मोठा, तर रिकामी होडी उडते. पण जाळी, बर्फ, माणसं, मासळी भरली की इंजिनाला ओढवत नाही, ते तापतं. चाचणी म्हणूनच भरल्या होडीची घ्यायची असते. आम्ही ती नारळी पुनवेच्या सकाळी खाडीत घेतली. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडीत जाळं चढत नाही, त्यामुळे होडी रिकामी. माझ्याकडे तेरा पिचचा एकच पंखा होता, नऊचा यायला आठवडा लागला असता. होडी सुसाट सुटली. "धावता कशी बघ! ह्योच ठेव रे!" बाबल ओरडला. भरल्या होडीला हा पंखा झेपणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

महिन्याभरात भरल्या होडीत, भर समुद्रात पिस्टन जळला. दुसऱ्या होडीने ओढून आणली. इंजिन उघडलं तेव्हा बंदरावरची पाच-सहा माणसं भोवती उभी होती. अशा इंजिनाच्या इंधनात तेल मोजून मिसळावं लागतं, आणि ते काम बाबलचं. मी म्हणालो, "तेल कमी पडलां हा, बाबल्या."

तो वाद घालेल असं वाटलं होतं. "तू सांगतंस म्हणजे तसांच असतला," एवढंच म्हणाला. मग मी 'जुनो वाकलो' सांगून नऊचा पंखा बसवला, आणि इंजिन पुढे कधी कुरकुरलं नाही. बाबलला वाटलं, आपण तेल नीट मोजायला लागलो म्हणून. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर त्याने लाल रंगाची रेघ मारली, तेल दोनदा मोजू लागला. बंदरावर मात्र रोज कोणीतरी हाक मारायचंच, "बाबल्या, तेल घातलंस काय रे?" तो हसायचा. इंजिन आल्या आल्या नवे लोक ते शिकायला त्याच्याकडे येऊ लागले होते, ते येईनासे झाले.

बाराव्यानंतर बाबलच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला, वहिनींना, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भावजी, माका सांगून काय उपेग? हसले त्यांका सांगा."

म्हणून हे लिहितो आहे. बाबलचं तेल बरोबर होतं. पंखा मी चुकीचा दिला होता, तोही जाणून.

त्या दिवशी वहिनींकडून निघताना समीर पडवीत इंजिनाच्या टाकीसाठी तेल मोजत होता. आमचं बोलणं त्याने ऐकलं होतं. बापाची ती बाटली लाल रेघेपर्यंत भरून त्याने उजेडात धरली, परत डब्यात ओतली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली.