दर अकरा मिनिटांनी

आदरणीय नलिनीताई सोहनी यांची माझी पहिली भेट नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाली. कार्यालयांत टेलिफोन एक्स्चेंज बसवणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीत ताई दुरुस्ती विभागाच्या प्रमुख होत्या. मी पदवीचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचून परत दिला आणि म्हणाल्या, "छान. आता ऐकायला शिका." या बोलण्याचा अर्थ कळायला मला सहा वर्षे लागली, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगली.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कर्तृत्वाविषयी इतर सहकारी लिहितीलच. मला एकच प्रसंग सांगायचा आहे. तो आनंदाचा नाही.

शनिवार पेठेत मुख्य कचेरी असलेल्या एका कंपनीने हिंजवडीत नवी शाखा काढली. दोन्हींकडची एक्स्चेंज जोडणारी लाइन मी सुरू करून दिली. महिनाभरात तक्रारी येऊ लागल्या. फॅक्स अर्ध्यावर तुटे, आणि कधी कधी चालू असलेले सगळे फोन एकदम बंद पडत. कचेरीचे ऑपरेटर शेलार जन्मांध होते. बारा वर्षे त्या खुर्चीवर बसलेले. ते मला म्हणाले, "साहेब, आवाजात मधूनच टक्‌ होतं." मी तारा बदलल्या, कार्डे बदलली. दोष सापडेना. ताई तेव्हा यजमानांच्या आजारपणामुळे रजेवर होत्या. शेवटी मी अहवालात लिहिले, 'यंत्रणा ठीक आहे. ऑपरेटरकडून चूक होत असावी.'

त्या एका वाक्यावर शेलारांना घरी बसवण्यात आले.

ताई रजेवरून परतल्या आणि त्यांनी तो अहवाल वाचला.

"अहो जोगळेकर, हे तुम्ही पाहिलंत, की तुम्हाला वाटलं?"

त्या मला घेऊन थेट शेलारांच्या खोलीवर गेल्या. जिना अरुंद होता. शेलार खिडकीपाशी बसले होते. ताईंनी आपले नाव सांगितले आणि विचारले, "तो आवाज केव्हा केव्हा यायचा?"

"साधारण अकरा मिनिटांनी, बाई. मी घड्याळाचे काटे चाचपून मोजायचो."

"हे मोजलेलं कुणाला सांगितलंत?"

"विचारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी ताई कचेरीत कानाला रिसीव्हर लावून सकाळपासून दुपारपर्यंत बसल्या. प्रत्येक टक्‌ची वेळ त्यांनी वहीत लिहिली. मग वही माझ्याकडे सरकवली. "माणसाच्या चुका इतक्या वेळेवर होत नाहीत," एवढेच म्हणाल्या.

अशा जोडलेल्या एक्स्चेंजांना एका तालावर, म्हणजे एकाच घड्याळाच्या ठोक्यावर, चालावे लागते. कचेरीतल्या मुख्य एक्स्चेंजने तो ताल टेलिफोन खात्याच्या लाइनवरून घ्यायचा आणि हिंजवडीच्या एक्स्चेंजने मुख्य एक्स्चेंजकडून, अशी रीत. नवी लाइन जोडताना मी मुख्य एक्स्चेंजला हिंजवडीकडून ताल घ्यायला लावले होते. दोन्ही एकमेकांच्या मागे चालत होती आणि दोन्ही खात्याच्या तालापासून हळूहळू सरकत होती. ते अंतर साठले की आवाजाचा एक तुकडा गळून पडे. तोच शेलारांचा टक्‌. कधी लाइनच सुटे, मग सगळे फोन तुटत.

"हे कोणी केलं?" ताईंनी विचारले.

"मी."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. त्यानंतर ताईंनी कचेरीच्या व्यवस्थापकांना स्वतःच्या सहीने पत्र लिहिले, की चूक आमच्या विभागाची आहे, ऑपरेटर निर्दोष आहेत. माझे नाव त्यात नव्हते. व्यवस्थापक म्हणाले, "पण त्या जागी आता दुसरा माणूस आलाय." आमचे देखभालीचे काम त्यांनी काढून घेतले. त्या वर्षी ताईंची बढती अडली, ती पुढे कधी झालीच नाही.

शेलारांकडे ताईंनी मला एकट्याला पाठवले. मी सगळे सांगितले. ते मग म्हणाले, "आवाज गेला ना आता? मग झालं."

ताईंनी त्यांच्यासाठी अनेक कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पण ऑपरेटरची खुर्चीच सगळीकडून नाहीशी होत चालली होती. शेलार पुढे भावाकडे गावी गेले आणि तिथेच वारले. ती बातमी मला ताईंनीच सांगितली. त्या त्यांना पत्रे पाठवत, शेजारचे कोणीतरी ती वाचून दाखवी.

आज ताई सदाशिव पेठेत एकट्या राहतात. यजमान गेले. डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले आहे. आम्ही बसवलेली एक्स्चेंज भंगारात गेली. हा लेख लिहू का, असे विचारायला मी परवा गेलो, तेव्हा प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "माझं कौतुक कमी करा. आणि शेलारांचं पूर्ण नाव घाला."

त्यांचे नाव गणपत रामचंद्र शेलार.

ताई, आपणांस निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो. आपण विचारलेत म्हणून मी एकदा खरे बोललो. विचारणारे माणूस आम्हांला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.