चौसष्ट अक्षरं वाचणारे इनास सर

इनास सर फोनवर चौसष्ट अक्षरं वाचून दाखवायचे आणि पलीकडच्याला ती तशीच्या तशी परत म्हणायला लावायचे. ‘ए फोर, सेव्हन सी, झीरो नाईन...’ असं जोडीजोडीने. एक जरी चुकलं तरी पुन्हा पहिल्यापासून. पलीकडचा वैतागून म्हणायचा, “सर, मेल करा ना.” यांचं उत्तर ठरलेलं, “मेल मीच पाठवला हे तुला कोण सांगणार? मेलच?” मी शेजारच्या टेबलावर दातओठ खात बसायचो. मला या माणसाचा भयंकर राग यायचा. अजूनही येतो. फक्त आता त्या रागाला वाटेकरी झालेत, आणि सगळ्यांत मोठा वाटा माझा स्वतःचा आहे.

वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही दोघंच होतो. ते प्रमुख, मी हाताखाली. सर जवळच्या वटार गावचे. सकाळी वाडीतल्या केळींना पाणी सोडून मग कामावर यायचे, त्यामुळे त्यांच्या चपलांची माती आमच्या एसी खोलीभर असायची. सगळ्या डॉक्टर-नर्सची नावं आणि पासवर्ड एका सर्व्हरवर होते, त्याला आम्ही डिरेक्टरी म्हणायचो. कुणी कुठल्याही कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला की तो कॉम्प्युटर डिरेक्टरीला विचारायचा, ही बाई आपली का? पण त्याआधी डिरेक्टरीने आपलं प्रमाणपत्र दाखवून सिद्ध करायचं, की मी खरीच डिरेक्टरी आहे. त्या प्रमाणपत्रावरची सही आमच्या हॉस्पिटलचीच, घरगुती. फायरवॉलच्या, म्हणजे आमच्या नेटवर्कच्या कुंपणाच्या, आत तिला सगळे ओळखायचे. बाहेर तिला कुत्रंही विचारत नव्हतं. चौसष्ट अक्षरं म्हणजे त्या सहीचा अंगठा, तिची खरेपणाची खूण. बाहेरच्या मशिनमध्ये ती सही भरताना सर तो अंगठा ओळखीच्या आवाजाकडून जुळवून घ्यायचे.

“आमच्या ख्रिस्ती लोकांत बघ,” ते मला समजवायचे. “मुलीचं लग्न दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत ठरलं, तर आपल्या फादरची चिठ्ठी न्यावी लागते. तिथला फादर आपल्या फादरला ओळखत नसेल, पण वरचा शिक्का ओळखतो. तरी तीन रविवार चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत नाव वाचतात, कोणाची हरकत आहे का म्हणून. पोरगी चांगली दिसते, लावून टाका लग्न, असं कोणी म्हणत नाही.” कुठलीही गोष्ट सांगा, त्यांचे दोन प्रश्न तयार असत: “कोण म्हणतो? आणि त्याला कोण ओळखतो?” मॅनेजर त्यांना पाठीमागे पाद्री म्हणायचा. मीही हसायचो.

मग जूचंद्रला हॉस्पिटलचा नवा दवाखाना निघाला. तिथलं इंटरनेट गल्लीतल्या केबलवाल्याचं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी, बॅनर लागलेले, आणि दवाखान्यात कुणालाच लॉगिन होईना. मी फायरवॉल तपासली. दार उघडं होतं, डिरेक्टरीपर्यंत कनेक्शन जात होतं आणि तिथेच तुटत होतं. सरांनी पाच मिनिटांत सांगितलं, “दोन दुखणी आहेत. आपली सही तिकडे कोणी ओळखत नाही. आणि प्रमाणपत्रावर डिरेक्टरीचं घरातलं नाव आहे, ते मशीन तिला बाहेरच्या नावाने हाक मारतंय. नवीन प्रमाणपत्र करतो, सही स्वतः नेऊन भरतो. दोन दिवस द्या.” मॅनेजर म्हणाला, दोन तास देतो. सर म्हणाले, “मग उद्या रजिस्टरवर लिहा. हाताला काय झालंय?” आणि ते नवं प्रमाणपत्र करायला सर्व्हरपाशी जाऊन बसले.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. “ती तपासणी बंद करता येते ना? एक टिकच काढायची ना? त्या म्हाताऱ्याला कशाला सांगतोस?” मी जूचंद्रला जाऊन टिक काढली. लॉगिन झालं, पाहुण्यांनी रिबीन कापली, मॅनेजरने माझी पाठ थोपटली. दोन दिवसांनी सर नवं प्रमाणपत्र घेऊन निघाले, तेव्हा मॅनेजर म्हणाला, तिकडे सगळं चालू आहे, हात लावू नका. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, झालंय सर. टिक काढलेलीच राहिली.

महिन्याभरात एका बड्या घरातल्या मुलीचा रिपोर्ट गावभर मोबाइलवर फिरला. रेकॉर्ड उघडलं होतं शैला सिस्टरच्या पासवर्डने. शैला अर्नाळ्याची, कोळीवाड्यातली; अधूनमधून जूचंद्रच्या दवाखान्यातही ड्यूटीला जायची. सगळं घर तिच्या पगारावर. ती रडत सांगत होती, मी उघडलं नाही. मॅनेजर म्हणाला, पासवर्ड तुझा म्हणजे बोट तुझं, आणि तिला घरी पाठवलं.

सर एकटेच जूचंद्रला गेले आणि तिथल्या मशिनच्या नोंदी काढून आणल्या. मीटिंगमध्ये त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले, एकावर आपल्या सहीचा अंगठा, दुसऱ्यावर त्या मशिनला दाखवलेल्या सहीचा, आणि दोन्हींवरची अक्षरं मोठ्याने वाचली. पहिल्या जोडीपासूनच ती वेगळी होती. “मशीनने ज्याला डिरेक्टरी समजून पासवर्ड दिले, ती आपली डिरेक्टरी नव्हतीच. तिथली तपासणी बंद होती, म्हणून वाटेत बसलेला कोणीतरी डिरेक्टरी म्हणून खपून गेला. शैलाचा पासवर्ड तिथे चोरला. तिचा काही दोष नाही.”

“मग तपासणी बंद कोणी केली होती?” विचारणारा मॅनेजरच होता. निर्लज्ज माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. सरांकडे सगळं होतं; सेटिंगच्या नोंदीत माझं नाव होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि थांबले. मला वाटतं, मला बोलता यावं म्हणूनच थांबले. मी समोरच्या पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचत राहिलो.

“विभाग माझा आहे,” सर म्हणाले. “माझ्या विभागात तपासणी बंद होती. लिहून देतो.” त्याच दुपारी त्यांचा राजीनामा घेतला गेला. दुसऱ्या दिवशी शैला वॉर्डात हजर झाली आणि मी सरांच्या खुर्चीत.

त्या रविवारी मी वटारला गेलो. सर वाडीत केळीची सुकलेली पानं कापत होते. “मला वाचवलंत सर,” मी म्हणालो. त्यांनी कोयता खाली ठेवला नाही. “तुला कोणी वाचवलं? तुझं नाव घेतलं असतं तर मॅनेजरने दोन महिने चौकशी लावली असती, आणि तोवर ती घरी. मला ती दुसऱ्याच दिवशी कामावर हवी होती. तुझं तू बघ.” मला चहा विचारला नाही. परतताना मी त्यांच्यावरच चिडलो होतो.

माझं मी काहीच बघितलं नाही. शैला रोज समोर दिसायची, मी रोज गुड मॉर्निंग म्हणायचो. अशी वर्षं गेली. त्या भेकडपणाला दुसरं नाव मला सापडलेलं नाही.

गेल्या वर्षी सर वारले. दफनविधी आटोपून माणसं पांगली तरी शैला कबरीपाशी उभी होती. मी जवळ गेलो तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली. “यांच्या चुकीपायी माझ्यावर चोरीचा आळ आला. अजून कोनाचा रिपोर्ट हरवला का लोक पयलं माझ्याकडं बघतात. एवढी वर्सं मी यांच्याशी बोलले नाय. एकदा घरी आले व्हते, मी दार नाय उघडलं. पन मेल्या मानसावर राग नको म्हनून आले. आज माफ केलं.”

“सिस्टर,” मी म्हणालो, “ती तपासणी मी बंद केली होती. सरांनी नाही.”

ती कबरीकडून माझ्याकडे वळली.

“मंग आता मी माफ कोनाला केलं?” तिने विचारलं.