कुंडी हुंगणारा शेजारी

सून बाळंतपनाला माहेरी उदगीरला गेली अन् मी तिचं लाडकं ऑर्किड लई मायेनं काळ्या मातीत लावलं. निम्म्या मुळ्या माझ्याच हातानं मोडल्या, बाकीच्या सडल्या.

शेजारचा रिटायर कारकून आला. त्यानं कुंडी हुंगली, सडकं ब्लेडनं छाटलं, दालचिनीची पूड लावली अन् झाड कोळशाच्या तुकड्यांत उभं केलं. मग रोज येऊन कुंडी हातावर तोलायचा.

"पानी घालू का?"

"तुमी हात लावू नका, मामा. कुंडी जड लागतीया, अजून ओल हाय."

मला वाटलं, गडी झाड ढापायला बघून राहिला. मी दारातच राखनीला बसलो.

सून आली तवा नवी मुळी फुटलेली.

"कुंडी कुनी बदलली?" तिनं इचारलं. मी शेजाऱ्याकडं बघितलं.

"मी," तो म्हनला. "जरा चुकलंच माझं."

तवापासून झोप न्हाई. ह्या मानसाला माझ्याकडून पायजे तरी काय?