अभिभाषण ऐकणारे मुजुमदार

देवासात एकेकाळी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं नांदत होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यामुळे पक्षात दोन गट पडले याचं गावाला काही आश्चर्य वाटलं नाही. फरक एवढाच की त्या राज्यांकडे निदान वाटून घेण्यासारखं काहीतरी होतं. या पक्षाकडे होतं एक गळकं कार्यालय, एक जुनी जीप आणि जिल्हा प्रवक्ते उमाशंकर मुजुमदार.

मुजुमदार विमा कंपनीतून निवृत्त झालेले. पक्षात आले ते तरुणपणी, गावाला आगगाडीनं पाणी आणायची पाळी आली होती त्या दिवसांत. बायकांबरोबर रिकामे हंडे घेऊन ते कलेक्टर कचेरीसमोर बसायचे. पुढे मोर्चे आटले आणि मुजुमदार प्रवक्ते झाले. तिकीट मागणार नाही, चार ओळी शुद्ध लिहील आणि रागावला तरी घरी जाऊन रागावेल, असा एक माणूस प्रत्येक पक्षाला लागतो.

"जन्मभर त्यांच्या सतरंज्या उचलल्यात," त्यांची बायको लतिका म्हणायची. "आता त्यांनी तुम्हालाच अंथरलंय."

मुजुमदारांची एक सवय होती. दर वर्षी राष्ट्रपतींचं संसदेपुढचं अभिभाषण ते टीव्हीसमोर कोट घालून बसून पूर्ण ऐकत. प्रतिक्रिया द्यायची तर आधी ऐकायला हवं, असं त्यांना वाटे. एखादा माणूस कांदा खात नाही, तसा पक्षानं हा त्यांचा विक्षिप्तपणा चालवून घेतला होता.

त्या वर्षी भोपाळहून हुकूम आला, की जिल्ह्यानं अभिभाषणावर एकत्र पत्रकार परिषद घ्यावी, म्हणजे एकी दिसेल. एका गटाचे धनी जिल्हाध्यक्ष खंडोजीराव. यांचे आजोबा दरबारात मानकरी होते, आणि नातू अजून कुणीतरी खुर्ची ओढून देईल याची वाट बघत उभा राहतो. दुसऱ्या गटाचा अंबरीश. त्याचा पेट्रोल पंप आणि कोचिंग क्लास. गिऱ्हाइकाला दोन्हीकडे मोजून कमी मिळतं, असं गाव म्हणतं.

सकाळी दोघं कार्यालयात बसले ते शब्दावरून भांडायला. खंडोजीरावांना भाषण 'दिशाहीन' म्हणायचं होतं, अंबरीशला 'खोखलं', म्हणजे पोकळ.

"पण भाषण तर अजून व्हायचंय," मुजुमदार म्हणाले.

"भिया, उसमें सुनने का क्या है?" अंबरीश म्हणाला. "हर साल वोई रेता है."

खंडोजीरावांनीही मान डोलावली. "मुजुमदार, आपण विरोधी पक्ष. ऐकून ऐकून विरोध करायला बसलो तर संध्याकाळ होईल."

अखेर 'दिशाहीन और खोखला' असं ठरलं. मग आधी कोणाचा शब्द, यावरून पुन्हा जुंपली. तेवढ्यात दिल्लीत भाषण सुरू झालं. मुजुमदारांनी टीव्हीचा आवाज वाढवला, अंबरीशच्या माणसानं कमी केला, कारण त्याला भांडण ऐकू येत नव्हतं. मुजुमदार मुकाट्यानं उठले, शेजारच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसले आणि मशिनच्या खडखडाटात त्यांनी मोबाइलवर भाषण शेवटपर्यंत ऐकलं.

दुपारी पत्रकार आले. खंडोजीराव दिशाहीन बोलले, अंबरीश खोखलं बोलला. स्थानिक वाहिनीच्या वल्लरी नावाच्या मुलीनं विचारलं, "भाषण में गाँव-शहर के नल-पानी की बात थी. उस पर क्या कहेंगे?"

खंडोजीरावांनी अंबरीशकडे पाहिलं. या दोघांनी एकमेकांकडे पाहण्याची वर्षातली ही पहिलीच वेळ असावी.

"ऐसी कोई बात आई ई नी," अंबरीशनं ठोकून दिलं. "क्यों मुजुमदार साब?"

सगळ्यांच्या माना प्रवक्त्यांकडे वळल्या. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर चहा-समोसे आलेच होते. मुजुमदारांना ते जमलं नाही.

"आई थी," ते म्हणाले. "और आधी सही है. मेरे मोहल्ले में पानी आता है. रोज नहीं, पर आता है. जिस शहर ने रेल से पानी मँगाया था, उसको इतना तो मानना चाहिए. लेकिन उधर धार जिले में, डही के आगे मेरी बेटी एक फलिये में पढ़ाती है. वहाँ टोंटी लगी है, पानी नहीं है. ये भी बोलना चाहिए था. वो भाषण में नहीं था."

त्यांच्या मते आयुष्यातली ही सर्वांत नेमकी प्रतिक्रिया होती. वल्लरीनं ती पूर्ण दाखवली. पण कोणीतरी त्यातलं "पानी आता है" तेवढंच कापून फिरवलं, वर लिहिलं, 'विपक्ष ने माना'. डहीची कोरडी टोंटी कापली गेली.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गट एकत्र बसले. शब्दावरून भांडण झालं नाही, क्रमावरूनही नाही. मुजुमदारांना सहा वर्षांसाठी पक्षातून 'निष्कासित' केल्याचा कागद निघाला, आणि त्यावर खंडोजीराव आणि अंबरीश दोघांच्या सह्या शेजारी शेजारी होत्या. मुजुमदारांना तो मोबाइलवर मिळाला.

"सहा वर्षं," लतिकानं वाचून म्हटलं. "म्हणजे बहात्तरीला परत घेतील. तोवर कोट अंगाला व्हायला हवा."

मुजुमदार हसले नाहीत. चष्मा काढून ते तो उगाच पुसत बसले.  लतिकानं चहा टाकला आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.

चार दिवसांनी अंबरीश रबडी घेऊन आला. "भिया, मैं तो आपके साथ था. वो तो खंडोजीराव दरबार ने करवा दिया. आप बस एक बयान दे दो."

दुसऱ्या दिवशी खंडोजीरावांचा फोन. सही त्यांनी म्हणे नाइलाजानं केली होती. दबाव अंबरीशचा होता, हे मुजुमदारांनी चारचौघांत सांगावं, एवढीच इच्छा होती.

मुजुमदारांनी दोघांना एकच उत्तर दिलं. "तुम्ही दोघांनी मिळून केलेलं हे एवढं एकच काम आहे. ते मी मोडणार नाही."

रबडी लतिकानं शेजाऱ्यांना वाटली.

उन्हाळ्यात मुजुमदार मुलीकडे गेले. श्रिया शाळा सुटल्यावर त्यांना फलियात, म्हणजे तिथल्या आदिवासी पाड्यात, फिरवून आणायची. घराघरासमोर नळाच्या कोरड्या टोंट्या होत्या. एकीला कोणी शेळी बांधली होती. मुजुमदारांनी तिथल्या बायकांना विचारलं, कलेक्टरकडे चालाल का? बायका हसल्या, पण आल्या. मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईला मुजुमदार त्यांना घेऊन धारला जाऊ लागले. अर्ज ते लिहीत, बोलत बायकाच. साहेबानं एकदा विचारलं, तुम्ही कोणत्या पक्षाचे? मुजुमदार म्हणाले, "निष्कासित." साहेबाला तो नवा पक्ष वाटला.

दिवाळीच्या आत पाण्याची मोटर बसली. शेजारच्या फलियातली अजून बसलेली नाही.

पाणी सुरू झालं त्या दिवशी सत्ताधारी पक्षाचे लोक हार घेऊन आले. पाठोपाठ मुजुमदारांच्या जुन्या पक्षाचा एक पुढारी सरदारपूरहून आला. संघर्ष आमचा होता, असं त्याचं म्हणणं. फोटोसाठी दोन्हीकडचे लोक एका टोंटीभोवती उभे राहिले. पुढाऱ्यानं मुजुमदारांना ओळखलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप जरा साइड में हो जाओ, सर. आपका मामला चल रहा है ना."

मुजुमदार बाजूला झाले. बायका मात्र झाल्या नाहीत. त्यांना पाणी भरायचं होतं.