तीनदा दिवे

दिवेमावशी, तुला न विचारता तुझी गोष्ट लिहिते आहे. चुकलं तर नेहमीसारखी मनगटावर चापट मार.

कर्णबधिर मुलांच्या त्या सरकारी शाळेत घंटा नव्हती. घंटेच्या जागी मावशी होती. तास संपला की ती जिन्याखालचं बटण दोनदा खालीवर करायची, वर्गावर्गातले दिवे लुकलुकायचे. तीनदा लुकलुकले तर हातातलं टाकून मैदानात पळायचं. मावशी जन्माची बहिरी, याच शाळेत शिकलेली. एकतीस वर्षांत तिचा तास मिनिटभर चुकला नाही. हेडसरांना उशीर झाला की ती आधी घड्याळाकडे बघायची, मग त्यांच्याकडे. तेवढं पुरायचं.

पट एकोणीसवर आला, तशी मुलं शेजारच्या मोठ्या शाळेत घालायची बोलणी सुरू झाली. मावशीला अन्न गोड लागेना. नोकरीचं तिला काही नव्हतं, दोनच वर्षं उरली होती. काळजी होती ती चिमणीची. सहा वर्षांची पोर, चित्र काढायला बसली की जगाकडे पाठ. तिथे धोक्याची घंटा होईल, सगळी पळतील, आणि ही आपली रंगवत बसेल.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. तास संपला, मावशीने नेमाने बटण दाबलं. साहेबांनी दचकून वर पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं. दिवे हीच आमची घंटा, हे सांगायचं आम्हा शिक्षकांपैकी एकालाही सुचलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं. मावशीने मात्र त्यांच्या कोपराआडून शेरा वाचला: ‘वायरिंग सदोष. इमारत मुलांसाठी धोकादायक.’

संध्याकाळी तिने मला फाटकाशी अडवलं. खुणा अर्ध्यावर सोडून ती पुन्हा पहिल्यापासून करत होती.

“माझ्या हाताने शाळा बुडाली. उद्या साहेबांकडे चल. मी दाखवते, तू बोल.”

मी तिला वेड्यात काढलं. एवढ्या-तेवढ्यावरून शाळा बंद होत नसते, सोमवारी जाऊ म्हटलं. सोमवारी माझा गुडघा सुजला. मग परीक्षा आल्या. मग आदेशच आला, त्यात कारण म्हणून तोच शेरा.

चिमणी मोठ्या शाळेत जाते. मावशी रोज तिथल्या फाटकाबाहेर उभी असते, शाळा सुटेपर्यंत, नजर चिमणीच्या वर्गाच्या तिसऱ्या खिडकीवर.

साहेबांचं ऑफिस त्याच रस्त्याला, चालत दहा मिनिटं. आपण दोघी अजून गेलेलो नाही.