कुजबुजून दिलेल्या शिव्या

धुळे, १९५४ चा चैत्र, सोमवार. हजर: मी, सौ., दूधवाला, शेजारच्या अक्का आणि दूधवाल्याच्या सायकलची धडक डोक्याला बसलेलं कुत्र्याचं पिल्लू.

अक्का घरात बोलल्या की गल्लीच्या टोकाला ऐकू जातं. पिल्लू मान वाकडी करून गोल गोल फिरत होतं आणि जरा आवाज झाला की थरथरत होतं. अक्कांनी ते पदरात घेतलं, अंधाऱ्या खोलीत गोधडीवर निजवलं आणि बाहेर येऊन दूधवाल्याला धरलं.

"मुडद्या, डोया फुटनात का तुना?"

पुढच्या शिव्याही नेहमीच्याच होत्या, एकही गाळली नाही. पण सगळ्या कुजबुजत.

मी विचारलं, "अक्का, जगेल का हो?"

"हळू बोला भाऊ, त्यानं डोकं दुखी ऱ्हायनं शे."

त्या दिवसापासून बिबड्यांच्या पापडांची ज्वारी कुटायला त्या नाल्यापलीकडे बहिणीकडे जाऊ लागल्या. बोहारणीशी घासाघीससुद्धा हातवाऱ्यांनी केली. एवढा मोठा आवाज एवढ्याशा जिवासाठी कुणी असा गिळलेला मी पाहिला नव्हता. सगळी गल्लीच दबकून बोलू लागली.

काल पिल्लू सरळ चालत ओट्यावर आलं आणि खणखणीत भुंकलं. अक्कांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवून त्यालाच गप्प केलं.

आता मोठ्यानं बोललं तरी चालेल, हे अक्कांना कुणीतरी सांगायला हवं. ते अजून राहिलंच आहे.